वाघ उतरवताना

"हात वर करा, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी उजवा हात वर केला. खांद्यापासून मनगटापर्यंत झेंडूसारखा पिवळा ऑइलपेंट आणि त्यावर काळे पट्टे. काखेपाशी घाम साचून रंगाला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांतून लाल कातडी दिसत होती. तिथं मी हात लावला नाही. तिथं सगळ्यांत शेवटी जायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.

"तेल गरम नाही ना?" बाबा म्हणाले.

"कोमट आहे. बोट बुडवून बघा."

"बोटाले काय समजते? बोटावर रंग हाय."

ते मोरीच्या दगडावर खाकी अर्धी चड्डी घालून बसले होते. अंगणात ऊन उतरलं होतं. आदल्या दिवशी सवाऱ्या, म्हणजे मोहरमचे पंजे, नदीवर थंड्या झाल्या होत्या. मोहरमच्या शेवटच्या दिवशी आमच्या गावातल्या सवाऱ्या वाजतगाजत नदीवर जात आणि त्यांच्यापुढं वाघ नाचत. वाघ म्हणजे अंगभर रंगवलेली माणसं. त्यांत मुसलमान असत, कुणबी असत, तेली असत. ज्याचा नवस असेल तो वाघ होई. डफड्याच्या तालावर उड्या मारी, पंजे उगारी, आयाबाया आपली भित्री पोरं त्याच्या मांडीवर देत. नदीवरून परतलं की वाघ पुन्हा माणूस व्हायचा. त्याला गावात 'वाघ उतरवणं' म्हणत.

आमच्या घरी वाघ आई उतरवायची. मातीच्या तेलानं, म्हणजे रॉकेलनं. चिंधी तेलात बुडवायची आणि घासायची. निघालं नाही तर नारळाच्या शेंडीनं घासायची. बाबा दात आवळून बसत. घरात दोन दिवस रॉकेलचा वास राही आणि बाबांच्या अंगावर दोन महिने खरूज. अलीकडं ती चार महिने उलटले तरी जात नव्हती. पाठीवर, काखेत, गुडघ्यांच्या मागं पाणी सुटायचं. ते रात्रभर खाजवत आणि सकाळी पाण्याच्या टाकीवर कामाला जात.

त्या वर्षी मी नागपूरला कॉलेजात शिकत होते. तिथल्या दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंना मी मुद्दाम भेटून आले होते. वाघ वगैरे ऐकून त्या आधी हसल्या, मग बाबांच्या पाठीचं वर्णन ऐकून हसायच्या थांबल्या. रॉकेल नाही, पेट्रोल नाही, टर्पेंटाइन नाही, त्या म्हणाल्या. रंगापेक्षा तेच वाईट. खायचं तेल लावायचं, ते मुरू द्यायचं, रंग मऊ पडला की मऊ कापडानं पुसायचं. घासायचं नाही, खरवडायचं नाही. एका दिवसात नाही निघालं तर दोन दिवस लावायचे. डोळ्यांपाशी तर तेलाच्या बोटाशिवाय दुसरं काही न्यायचं नाही. आणि पुढच्या वर्षी हा रंग अंगाला लागू द्यायचा नाही.

हे शेवटचं वाक्य मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरातून बाटली घेऊन आली. "सकाळपासून बापलेक बसले. एक हात नाही झाला. जरासक मातीचं तेल घे ना वं."

"नाही."

"इतकी वर्सं लावलं, मेले का थे?"

"मारोतीकाकांचं काय झालं मग?"

आईनं बाटलीचं बूच घट्ट केलं. मारोतीकाका म्हणजे बाबांच्या जोडीला नाचणारा दुसरा वाघ. एका वर्षी अंगाला रॉकेल फासून बसल्या बसल्या त्यांनी बिडी पेटवली होती. जीव वाचला, पण छातीची कातडी चिंचेच्या टरफलासारखी झाली ती तशीच राहिली.

"मग जवसाचं तरी घे," आई म्हणाली. "तिळाचं महाग हाय."

"जवसाचं वाळून चिकट होतं. रंगातसुद्धा तेच असतं. तिळाचंच पाहिजे."

"पाह्यजा," आई बाबांना म्हणाली. "पोट्टी नागपुरात शिकून आली. आता तुमचा वाघ तळून काढते."

बाबा हसले तेव्हा त्यांच्या गालांवरच्या मिशा हलल्या. रंगाच्या मिशा. तोंडाभोवती पांढरा रंग होता आणि तो हसताना सुरकुतायचा.

आई बाटली घेऊन परत गेली. मी जुन्या धोतराचा तुकडा घेऊन दंड पुसायला लागले. तेल मुरलेला रंग सायीसारखा सुटत होता. आधी काळा वितळायचा, पिवळ्यात मिसळायचा, दोन्ही मिळून शेवाळासारखं काहीतरी व्हायचं आणि त्याखालून बाबांचा सावळा हात निघायचा. लव असेल तशी, खांद्याकडून खाली, मी पुसत होते.

"दुखतं का?"

"छट. झोप येऊन राहिली."

"गनीचाचा सगळ्या वाघांना रंगवायच्या आधी खोबरेल लावतात ना? लवकर निघावं म्हणून?"

"हो."

"तुम्हाला का नाही लावलं?"

"म्याच नाही म्हटलं."

"का?"

"तेलावर पट्टे सरकते. दुपारपर्यंत वाघाचं मांजर होते."

"होऊ दे की मांजर. नवसाला मांजर चालत नाही?"

हात जरा वळवून त्यांनी कोपरावरचा एक पट्टा पाहिला, मी अजून पुसला नव्हता तो. "गनीचा हात पाह्य," ते म्हणाले. "एका फटक्यात काढला. पुन्हा ब्रश नाही लावला."

गनीचाचा ट्रकच्या पाट्या रंगवत. गावातली मोठी सवारी त्यांच्या घरची. वाघही त्यांच्याच अंगणात रंगत. बाबा आणि ते शाळेपासूनचे मित्र. दोघं एकमेकांना वर्षभर 'ए दौलत', 'ए गन्या' असं हाकारत.

तेवढ्यात भिंतीपलीकडून सुगंधाबाईंचं डोकं वर आलं. त्या आमच्या शेजारी.

"दौलतराव, आज नळ येते का नाही?"

"येते ना बाई. आंग धुतलं की जातोच टाकीवर."

"काल नाही आला, परवा करंगळीएवढा आला. तुम्ही वाघ व्हा नाही तं हत्ती व्हा, आमी पाणी कुठून प्यायचं?"

"कालच्या दिवस बदली माणूस होता बाई. त्याले दुसरा व्हॉल्व्ह नाही समजला."

"म्हंजे तुमच्यामुळंच ना?"

"हो," बाबा म्हणाले. "माह्यामुळंच."

डोकं खाली गेलं. बाबा नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. गावातल्या कुठल्या आळीला किती वेळ पाणी, हे त्यांच्या हातातल्या चावीवर होतं. टाकीत पाणी किती, हे त्यांच्या हातात नव्हतं. लोकांना हा फरक मान्य नसे. बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीत कोणीही त्यांना गाठून बोलायचं. ते "हो" म्हणायचे. याच सुगंधाबाईंनी आदल्या दिवशी चौकात गर्दीतून वाट काढत आपला नातू वाघाच्या पायांशी ठेवला होता आणि वाकून नमस्कार केला होता. मी ते आईकडून ऐकलं होतं. मी स्वतः पाहिलं नव्हतं.

मी कधीच पाहायची नाही.

मी तीन वर्षांची असताना मला घटसर्प झाला होता. घसा मिटत आला, दवाखाना नदीपलीकडं आणि नदीला पूर. बाबा सवारीपुढं जाऊन नवस बोलले, पोरगी वाचली तर मोहरमात वाघ होईन. दुसऱ्या दिवशी पूर ओसरला, नाव सुटली आणि मी वाचले. किती वर्षं वाघ होईन असं बोलले, ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही. आई दरवर्षी शेंडी घासता घासता विचारायची, "अहो, हा तुमचा नवस फिटते तरी कधी?" बाबा म्हणायचे, "चालू हाय अजून."

मला कळायला लागलं तेव्हापासून मोहरमचे दिवस मला नको असत. शाळेतल्या मुली म्हणत, तुह्यासाठी तुह्या बापाले वाघ व्हा लागते. त्या कौतुकानं म्हणत. मला मात्र रॉकेलचा वास आठवे. डफडी वाजू लागली की मी मागच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची. आमचे बाबा, आवाज न चढवणारे, रस्त्यानं कडेकडेनं चालणारे, भर चौकात उघड्या अंगानं माझ्यापायी नाचत आहेत, हे मला पाहवायचं नाही. आणि मग त्यांची पाठ. दर वर्षी जास्त लाल झालेली पाठ मी मात्र पाहायची.

"काल पाह्यलं तू?" बाबांनी विचारलं.

मी डावा हात घेतला होता. "काय?"

"मारवाडी चौकात. पिंपाच्या वरून उडी मारली. दोन पिंपं आडवी ठेवली होती पोट्ट्यांनी. मारोती म्हणे, दौलत, वय पाह्य आपलं. मारली म्या."

"गर्दी होती बाबा. दिसलं नाही."

"हो. गर्दी लय होती."

मी तेल चोळत राहिले. त्यांच्या बोलण्यात काहीतरी होतं; मी ते थकवा समजले.

"बाबा, मी तुम्हाला एक सांगू?"

"सांग ना."

"रागावू नका."

"वाघ रागावते. मी आता अर्धाच उरलो."

"काल मी चौकात नव्हतेच. चाचांच्या घरी गेले होते. वाघ बाहेर पडल्यावर, सवारी उठायच्या आधी."

त्यांचा हात माझ्या हातात होता. तो हलला नाही.

"शिरणी घेऊन गेले होते," मी म्हणाले. "चाचांना म्हटलं, नवस माझ्यासाठी होता, तो मीच उतरवते. माझ्या बाबांना मोकळं करा."

"शिरणी?"

"साखर आणि रेवड्या. नागपूरहून आणल्या होत्या."

"गनी काय म्हणे?"

"काही नाही. 'त्याले विचारलं का' एवढं म्हणाले. मी म्हटलं, त्यांना विचारलं तर ते नाहीच म्हणतील. मग त्यांनी ऊद घातला, माझ्या डोक्यावरून मोरचेल फिरवला आणि शिरणी वाटली."

"अजून काही नाही म्हणाला?"

"नाही."

"काहीच नाही?"

"बरं बाई, म्हणाले."

बाबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं रंगवली होती, त्यामुळं डोळे मोठे वाटत. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलंही. पण तोवर मला रडू आलं होतं. मी रडायचं ठरवलं नव्हतं. हातातला बोळा तसाच, कोपरापर्यंत तेल, आणि मी मोरीच्या कडेला बसून लहान पोरीसारखी रडत होते.

"माझ्यामुळं तुमच्या कातडीचं काय झालं पाहा," मी म्हणाले. "मी वाचले त्याची इतकी वर्षं तुम्ही भरपाई केली. बस झालं बाबा. मला रात्री झोपेत तुमचं खाजवणं ऐकू येतं. नागपूरला, हॉस्टेलात, ऐकू येतं."

आई दारात आली, पाहिलं आणि आत गेली.

बाबांनी रंगलेला तळवा माझ्या डोक्यावर ठेवायला उचलला, मग केसांना रंग लागेल म्हणून तसाच धरून ठेवला. 

"तुले असं वाटत होतं?" ते म्हणाले. "लहानपणापासून?"

"मग काय वाटणार?"

"हो. मग काय वाटन." त्यांनी हात खाली घेतला. "बरं केलं बेटा. बरं झालं."

"खरंच?"

"हो ना. आता कायले रडते? फिटला समज नवस. पूस."

मला इतकं हलकं वाटलं की मी उठून पुन्हा तेल गरम करायला गेले. रॉकेलची बाटली चुलीपासून लांब आहे ना, तेही पाहिलं. परत आले तेव्हा बाबा उरलेल्या अंगाकडं पाहत होते. पोटावरचा पांढरा, मांड्यांवरचे पट्टे. मला वाटलं, ते मोजताहेत अजून किती वेळ लागेल.

"झालंच आता," मी म्हणाले.

"घाई नाही," ते म्हणाले.

मी छाती, पोट, पाय केले. तेल लावून ठेवलं की दहा-वीस मिनिटं काहीच करायचं नसे, तेव्हा बाबा बोलायचे. वाघ उडी मारतो तेव्हा आधी खांदा पडतो, मग कंबर. शेपूट कमरेला बांधायची ती सैल बांधली तर मागं लोळते आणि पोरं पाय देतात. ताशावाला नवा असेल तर वाघाला त्याला ओढत न्यावं लागतं. जुना असेल तर तो वाघाला नेतो. मी 'हं, हं' म्हणत होते. मला वाटत होतं, सुटलेला माणूस बोलतोच असा.

चेहरा शेवटी घेतला. पापण्यांवर नुसतं तेलाचं बोट फिरवलं आणि कापसानं टिपून घेतलं. मिशा गेल्या, पांढरं तोंड गेलं. आमच्या बाबांचा रोजचा चेहरा वर आला. काखेत आणि पाठीवर चिडलेल्या जागी मी तेल फक्त ठेवलं, पुसलं नाही. रंग आपसूक तरंगून वर येईपर्यंत थांबले आणि मग कापसानं उचलला. त्यांच्या अंगावर एकही ओरखडा आला नाही. शेवटी हरभऱ्याच्या पिठानं तेल काढलं, साबण, कोमट पाणी.

मग दिसला तो मानेचा. केस संपतात तिथून खाली, सदऱ्याच्या कॉलरीत जाईल असा बोटभर पट्टा. पिवळ्यावर काळा. मी बोळा घेतला.

"थो एक राहू दे," बाबा म्हणाले.

"कोणता?"

"मानेवरचा. दिसत नाही. जाईन आपोआप."

"नाही बाबा. थेंबभर ठेवायचा नाही, असं सांगितलंय."

"एवढ्यानं काय होते?"

"एवढ्यानंच सुरू होतं. मान खाली घाला."

त्यांनी मान खाली घातली. मी तेल लावलं, मुरू दिलं आणि पुसला. तो पट्टा लवकर निघाला.

तासाभरानं ते पांढरा सदरा घालून, व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर टाकून टाकीवर गेले. सुगंधाबाईंच्या घरी नळाला पाणी आलं.

पुढच्या मोहरमला बाबा वाघ झाले नाहीत. कोणी विचारलं तर म्हणत, पोरीनं सोडवलं. त्यांची पाठ त्या वर्षी सुकली आणि नंतर पुन्हा कधी चिडली नाही. मला त्याचं समाधान होतं. पुढं माझं लग्न झालं, नोकरी लागली, आई गेली. पण कधी आपण कोणासाठी काय केलं असा हिशेब मनात यायचा तेव्हा ती दुपार मी पहिल्यांदा धरायची. मुलांनाही सांगितलं होतं. आजोबांचा वाघ मी उतरवला.

मोहरमच्या दिवसांत बाबा गनीचाचांकडं जाऊन बसत. चाचांचे हात थरथरायला लागले होते, तेव्हा रंग कालवून द्यायला कोणी लागायचं. कधी मी त्या सुमारास गेलेच तर त्यांच्या नखांत पिवळं दिसायचं. मी रागवायची. "तेल लावून पुसा, रॉकेल नाही," असं फोनवरही सांगायची. ते "हो" म्हणायचे.

यंदा मोहरम उलटून आठवडाही झाला नव्हता. बाबा सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. मी पोचले तेव्हा त्यांना ओसरीवर ठेवलं होतं. आंघोळ घालायला पुरुषमाणसं जमली होती. मी म्हटलं, मला जरा वेळ द्या.

मला फक्त त्यांचे केस नीट करायचे होते. डोकं उचलून मांडीवर घेतलं तेव्हा मानेवर, सदऱ्याच्या आत, बोटभर पिवळं दिसलं. मधोमध काळं. मला वाटलं, रंग कालवताना मानेवर हात गेला असेल. या वयात कोण पाठीमागं पाहणार, कोण पुसून देणार? मी इथं नव्हते.

मी तिळाचं तेल मागितलं. कोणीतरी बाई म्हणाली, "आता कायले वं?" दुसरीनं तिला गप्प केलं. मी तेल बोटांनी लावलं, मुरू दिलं आणि पदरानं टिपलं. सगळं निघालं. मग मी बाजूला झाले.

तेरवीला गनीचाचा आले. नातवाच्या खांद्याला धरून आले, खुर्चीत बसले, नातवाला बाहेर धाडलं. डोळ्यांना फारसं दिसत नाही आता. माझा हात त्यांनी हातात घेतला.

"कुंदा, तुह्याशी एक बोलाचं हाय," ते म्हणाले. "थो होता तोवर त्यानं बोलू नाही दिलं."

"बोला ना चाचा."

"तू शिरणी आणली होती. आठवते?"

"आठवते."

"थ्या दिवशी म्या घेतली ना, थे चुकलं माह्यं. घ्याले नाही पाहिजे होती. दौलतचा नवस पाच वर्सांचा होता. तू दुसरी-तिसरीत होती तवाच फिटला होता."

मला आधी नीट कळलंच नाही. मी म्हणाले, "पण ते तर मी कॉलेजात जाईपर्यंत..."

"हो." चाचा हसल्यासारखे झाले. "पाचवं वर्स संपलं तवा म्या म्हटलं, दौलत, सुटला तू. थो म्हणे, गन्या, कोणाले सांगू नको. नवस हाय म्हणून लोकं नाचू देते. उगाच नाचलो तं पाण्याच्या टाकीवरचा माणूस पागल झाला म्हणतीन."

ओसरीवर पंगत बसत होती. पत्रावळी मांडल्याचा आवाज येत होता.

"मग त्यांनी मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"म्याही हेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी आला थो माह्याकडं, साफ होऊन, सदरा घालून. म्या म्हटलं, सांगून टाक ना पोट्टीले. थो म्हणे, लहानपणापासून एवढं घेऊन बसली होती थे, मले पत्ताच नव्हता. काल उतरलं तिच्या डोक्यावरचं. आता पुन्हा कायले ठेवू?"

मी चाचांचा हात सोडला नाही. सोडला असता तर माझ्या हाताचं काय करायचं, ते मला कळलं नसतं.

"अन् मग कधीच नाही नाचला," चाचा म्हणाले. "तुह्या शिरणीचा मान ठेवला त्यानं. निसता येऊन बसे, रंग कालवून दे. सगळे वाघ बाहेर पडले, अंगण रिकामं झालं, की म्हणे, गन्या, ब्रश धू नको. मले एक काढ."

"काय एक?"

"पट्टा. मानेवर, सदऱ्याच्या आत. एकच. दरवर्षी. डफडं गल्लीतून लांब जाईपर्यंत भिंतीले टेकून, डोळे मिटून बसे. तू येणार असली तं आधी पुसून घेत जाय. म्हणे, पोरगी पाहीन तं रडन." त्यांनी रुमालानं डोळे पुसले. "यंदा माहा हात लय कापत होता. वाकडा आला. म्या म्हटलं, दौलत, मांजरीचा झाला रे. थो म्हणे, राहू दे, पुसू नको, यंदा कोणी येणार नाही पाहाले."

बाहेरून कोणीतरी मला हाक मारली, पंगतीला वाढायचं होतं. चाचा पुढं वाकले.

"मी त्याले माती द्याले आलो, पण गर्दीत जवळ नाही जाता आलं. मले फक्त एवढंच विचाराचं होतं, बाई. तू त्याले पाह्यलं ना शेवटी? होता ना थो मानेवर? घेऊन गेला ना सोबत?"

ते माझ्याकडं पाहत होते, पण त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता.

"हो चाचा," मी म्हणाले. "होता."

मग मी उठले आणि वाढायला गेले. बाबांना तेल लावलं त्या दिवशीचं माझं सुती लुगडं अजून घडी करून कपाटात ठेवलं आहे. पदरावर पिवळा डाग आहे, मधोमध काळा, बोटभर. तेलाचा असल्यामुळं तो निघत नाही. बाबांच्या मानेवरून मात्र मी तो पूर्ण काढला होता. हळूहळू, न घासता, कातडीला जराही इजा न होऊ देता.